पोचेकाका

गाडी घेऊन जेमतेम अकरा दिवस झाले होते. बाराव्या दिवशी सकाळी खाली उतरलो तर बॉनेटच्या मधोमध पोचा. आठ आण्याच्या जुन्या नाण्याएवढा, गोल गरगरीत. ओरखडा नाही, रंग उडालेला नाही, आजूबाजूला काही पडलेलंही नाही. वॉचमनला विचारलं. त्यानं आधी आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "पोचेकाकांना बोलावू?"

बोलवावं लागलं नाही. ठाण्यात खोपटच्या आमच्या सोसायटीत कुठं काही आदळलं की काका तिथं पंचनाम्याला हजर असतात. आले, चष्मा कपाळावर चढवला, गाल जवळजवळ बॉनेटला लावला आणि मोबाईलचा टॉर्च आडवा धरून पोच्याभोवती फिरवला.

"वरून आलंय," ते म्हणाले.

"नारळ असेल का हो?"

"नारळानं ताटलीएवढं बसवलं असतं. आणि नारळ पळून जात नाही."

"मग दगड?"

"दगडाला कोपरे असतात, रंग फुटला असता. ही वस्तू गोल आहे, लहान आहे आणि आकाराच्या मानानं चांगलीच जड..." इथं काका थांबले. पोच्यावरून अंगठा फिरवला. वर गॅलऱ्यांकडे एकदा बघितलं. "बघतो," एवढंच म्हणाले आणि चहा न घेता निघून गेले. काकांनी चहा नाकारल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो. पण तेव्हा माझं सगळं लक्ष बॉनेटकडे होतं.

त्यांचं खरं नाव वीजबिलावर असतं, तेवढंच. सोसायटीच्या नोटिशीतसुद्धा सेक्रेटरी कंसात 'पोचेकाका' लिहितो, नाहीतर लोक विचारतात हे कोण. एसटीच्या कार्यशाळेत त्यांनी उभी नोकरी पत्रेकामात काढली. अपघाताची गाडी आत आली की पोचे काढायचे, रिव्हेट मारायचे, गाडी बाहेर. हजारो पोचे काढल्यावर माणसाची नजर बनते. कारागीर असताना ते नुसता पत्रा बघून सांगत, "हा विजेचा खांब, हा ट्रकचा मागचा कोपरा आणि हे बैलाचं शिंग." ड्रायव्हरच्या जबाबात दुसरंच काहीतरी असायचं. साहेब जबाब फाईलला लावत आणि खरं काय ते काकांना विचारत.

निवृत्त झाल्यावर पोचे संपले. असा माणूस घरात बसला की घरच्यांना जड जातो. पातेल्यांचे पोचे काढून झाले, शेजाऱ्यांची पातेली झाली. शेवटी एका रात्री नातवानं गच्चीवर दुर्बिणीतून अष्टमीचा चंद्र दाखवला. काका बराच वेळ डोळा लावून उभे होते. मग म्हणाले, "अरे, ही तर सगळी न काढलेली कामं आहेत!"

त्या दिवसापासून खोपटला शांतता नाही.

पहिला फटका भाषेला बसला. आमच्यात कुणी 'उल्का पडली' म्हणायची सोय उरली नाही. "उल्का म्हणजे हवेत जळते ती रेघ. खाली पोचतो तो दगड म्हणजे अशनी. पोचणार कोण आणि जळणार कोण, एवढा तरी फरक करा." रस्त्यावरच्या खड्ड्यांचंही तेच. स्टँडसमोरच्या खड्ड्यांबद्दल सोसायटीनं तक्रार-अर्ज लिहिला, त्यात 'रस्त्याला खड्डे पडले आहेत' असं वाक्य होतं. काकांनी सही करायला नकार दिला. "मराठीत खड्डाही पडतो आणि दगडही पडतो, म्हणून लोकांची गफलत होते. इथं काही पडलेलं नाही. पाणी मुरलं, खडी सुटली, वरून गाड्या गेल्या. याला काठ आहे का उचललेला? नाही. मग हा आघात नव्हे." अर्जात दुरुस्ती झाली तेव्हाच सही झाली. खड्डे आहेत तिथंच आहेत.

उचललेला काठ हा काकांचा जिव्हाळ्याचा विषय. त्यासाठी ते मला लोणारला घेऊन गेले. घेऊन गेले म्हणजे मी माझं तिकीट काढलं. ते पंचाहत्तरीच्या पुढचे, 'अमृत ज्येष्ठ नागरिक', त्यांना एसटी फुकट. रात्रभर संभाजीनगर, मग जालना, मंठा, लोणार. प्रत्येक गाडीत चढण्याआधी ते तिच्या बाजूच्या पत्र्यावर हात फिरवत आणि "वाईट काम केलंय," असं पुटपुटत.

लोणारला 'धार' या झऱ्यावर पोचलो. लोक गोमुखाखाली अंघोळी करत होते, आणि पुढे एकदम जमीनच संपली. समोर सुमारे अठराशे मीटर व्यासाचं वाटोळं विवर, दीडशे मीटर खोल, तळाशी हिरवं खारं पाणी, पलीकडे झाडीत कमळजादेवीचं देऊळ. माझ्याशी कुणी बोललं नसतं तर मी गप्पच राहिलो असतो. पण काकांनी माझा दंड धरून मागे वळवलं. "पाण्याकडं सगळेच बघतात. काठ बघ. आजूबाजूच्या रानापेक्षा वीसेक मीटर उंच. काळ्या दगडाचे थर मुळात आडवे. इथं ते बाहेरच्या बाजूला कलते झालेत. आतून रेटा बसल्याशिवाय पत्रा असा वळत नाही."

पत्रा! पण तिथल्या कातळाला पत्रा म्हटल्यावरच मला तो दिसला, हे कबूल करतो.

लोणासुर दैत्य या बिळात लपला होता, विष्णूनं वरचं झाकण उडवून त्याला मारला, अशी तिथली कथा. गावात दैत्यसूदनाचं देखणं देऊळही आहे. काका कथेची चेष्टा करत नाहीत. "ज्यानं कथा रचली त्यानं काठ नीट बघितला होता. झाकण उडालं हे खरंच आहे. फक्त कुणी उडवलं, याचा जबाब चुकलाय." इंग्रजांच्या वतीनं १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या अधिकाऱ्यानं या जागेची नोंद केली. पुढची दीडशे वर्षं जाणती माणसंसुद्धा हे ज्वालामुखीचं तोंड आहे की जमीन खचलीय, यावर घोळत राहिली. त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही. अख्खं दख्खन लाव्हाचं. इथं भोक दिसलं की संशय ज्वालामुखीवरच जाणार. फक्त तो ज्वालामुखी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झालेला आणि विवर त्या मानानं कालचं.

निकाल लागला १९७३ मध्ये. अमेरिकेच्या आणि आपल्या भूवैज्ञानिकांनी तळ्यात बोअर मारून खालचा चुरडलेला दगड काढला, त्यात मॅस्केलिनाइट सापडलं. हे प्रकरण काकांनी मला मंठ्याच्या स्टँडवर वडापाव खाता खाता समजावलं, ते असं: बेसॉल्टमध्ये फेल्डस्पार नावाचं खनिज असतं. त्याला भट्टीत घातलं तर ते वितळेल, ओघळेल, आकार जाईल. इथं मिळालेल्या दाण्यांचा आकार जसाच्या तसा, पण आतली स्फटिकाची घडी पार मोडून काच झालेली. न वितळता. असं करायला जो दाब लागतो तो कुठलाच ज्वालामुखी देत नाही. तो फक्त टकरीत मिळतो. "म्हणजे बाहेरून गाडी ठाकठीक आणि चासी वाकलेली. असली गाडी बघितली की मी लिहून द्यायचो, ही नुसती घासलेली नाही, हिला समोरून बसलीय."

वयाचा मात्र अजून घोळ आहे. एका पद्धतीनं लोणारचं वय निघालं सुमारे ५२ हजार वर्षं. २०११ मध्ये आरगॉन वायूच्या मोजणीनं ते निघालं सुमारे ५ लाख ७० हजार. मी म्हटलं, काका, एवढा फरक? त्यावर त्यांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. त्यांची स्वतःची जन्मतारीख दाखल्यावर १ जून १९४८ आहे. शाळेत घालताना मास्तरांनी ज्याची तारीख माहीत नाही त्याला सरसकट १ जून देऊन टाकला, हे आपल्याकडं घरोघरी आहे. काकांची आई सांगायची, पोळ्याच्या आसपास झाला, पण कुठल्या पोळ्याच्या ते तिलाही आठवत नव्हतं. योगायोग असा की १ जून १९४८ लाच पुणे-नगर ही पहिली एसटी सुटली. त्यामुळं काका दाखला दुरुस्त करायला कधीच गेले नाहीत. "लोणारचंही तसंच. दाखला एक, आईचं म्हणणं एक. माझा आरगॉनवर जास्त विश्वास आहे. पण पेन्शन दाखल्यावरच मिळते."

परतीच्या गाडीत त्यांनी मला बॅरिंजर सांगितला. मला वाटतं, काकांना जगात मनापासून वाईट कुणाबद्दल वाटत असेल तर या माणसाबद्दल. डॅनियल बॅरिंजर अमेरिकेतला खाणवाला. ॲरिझोनात लोणारचा धाकटा भाऊ शोभावा असं, सव्वा किलोमीटरचं विवर आहे. १९०३ मध्ये यानं ते ताब्यात घेतलं. हे अशनीनं केलंय, हे त्यानं बरोबर ओळखलं होतं, आणि तेही भले भले भूवैज्ञानिक त्याला हसत असताना. मग त्यानं हिशेब केला की एवढा खड्डा, तर खाली लोखंडाचा केवढा गोळा असेल! सव्वीस वर्षं बोअर मारत राहिला. गोळा नाहीच. १९२९ मध्ये एका खगोलशास्त्रज्ञानं सांगितलं की बाबा, तो आदळताना बहुतेक सगळा वाफ होऊन गेला. त्याच वर्षी बॅरिंजर वारला.

"सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर वेगानं येतं रे ते," काका म्हणाले. "म्हणजे खोपट ते कल्याण एका सेकंदात." (आमची गाडी तेव्हा कल्याण फाट्याच्या अलीकडे पाऊण तास उभी होती.) "इतक्या वेगात धडक होत नाही, स्फोट होतो. म्हणून तर तिरकं आलं तरी भोक गोलच पडतं. फारच आडवं आलं तर लांबोडं होतं. बॅरिंजर बिचारा खाली ठोकर मारून पळालेला टेम्पो शोधत होता. टेम्पो पळालाच नव्हता. जाग्यावर उडाला होता."

पुढं शूमेकर नावाच्या माणसानं नेवाडातल्या अणुचाचण्यांचे खड्डे आणि हे विवर शेजारी शेजारी ठेवून अभ्यासले. दोन्हीकडं काठ सारखाच उलटलेला. १९६० मध्ये त्याला आणि त्याच्या सोबत्यांना तिथं कोएसाइट सापडलं; क्वार्ट्झ प्रचंड दाबाखाली चेपल्यावर होणारं खनिज. तिथून पुढं विवरांचा छडा लावणं हे रीतसर शास्त्र झालं. शूमेकर १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात विवरं बघत हिंडत असताना मोटार अपघातात गेला. हे सांगताना काका थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मोटार अपघात म्हटलं की त्यांना गाडी दिसते.

डायनासोरांच्या प्रकरणात काकांची निष्ठा थोडी दुभंगलेली आहे. एसटीच्या जुन्या पत्र्यावर खरवडणी मारली की लाल रंगाखाली कधी हिरवा निघतो, म्हणजे गाडी पूर्वी निमआराम होती. त्याखाली पुट्टी निघाली की तिथं कधीतरी अपघात झालेला. जमिनीचंही असंच. इटलीतल्या गुब्बिओजवळ चुनखडीच्या थरांमध्ये चिकणमातीची एक पातळ पट्टी आहे. लुई आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी सोबत्यांसह १९८० मध्ये दाखवलं की तीत इरिडियम वाजवीपेक्षा कितीतरी जास्त आहे. हा धातू जमिनीवर दुर्मीळ, अशनींत बऱ्यापैकी. पट्टी सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीची, आणि तिच्यावरच्या थरांत डायनासोर नाहीत. पोचा कुठं आहे ते मागाहून नक्की झालं: मेक्सिकोत, चिक्शुलुब. व्यास सुमारे १८० किलोमीटर. त्याची एक कड ठाण्यात धरली तर दुसरी नाशिकच्या पुढं जाते. दहा-बारा किलोमीटरचा दगड, तोही गंधकाच्या संयुगांनी भरलेल्या खडकावर आपटलेला. धूळ, काजळी, गंधकाचं धुकं, ऊन बंद, झाडं गेली, मग झाडं खाणारे, मग त्यांना खाणारे.

पण त्याच सुमारास इकडं दख्खनचा लाव्हा ओतत होता, आणि काही शास्त्रज्ञ गुन्ह्यात त्याचाही हात असल्याचं मानतात. इथं काका हळवे होतात. गॅलरीतून येऊरचा डोंगर दिसतो. तो त्याच लाव्हाचा. "हा बघ, संशयित क्रमांक दोन," असं ते पाहुण्यांना दाखवतात, आणि त्यांच्या आवाजात आपल्या गावच्या पैलवानाबद्दलचा अभिमान असतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये तर काकांचं राज्यच आलं. '२०२४ वायआर ४' नावाचा, चाळीस ते नव्वद मीटरचा एक लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ ला पृथ्वीवर आदळण्याची शक्यता एक टक्का, दीड टक्का, दोन टक्के अशी रोज वाढत होती, आणि तो जिथं पडू शकला असता त्या लांबलचक पट्ट्यात मुंबईचंही नाव पेपरात आलं. आमच्या सोसायटीत नेमकी तेव्हाच पुनर्विकासाची सभा होती. बिल्डरचा माणूस स्लाईडवर स्विमिंग पूल दाखवत असताना काका उठले. "ताबा २२ डिसेंबर २०३२ च्या आधी मिळेल का?"

बिल्डरचा माणूस हसला. सेक्रेटरी हसला नाही. "काका, तो दगड वेळेवर येईल. यांचं सांगता येत नाही."

शक्यता ३.१ टक्क्यांवर गेली त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबानं सत्यनारायण घातला. काकांनी प्रसाद घेतला आणि सगळ्यांना म्हाडाच्या सोडतीवरून समजावलं: "अर्ज लाखभर असतात तेव्हा तुमची शक्यता नगण्य. छाननीत इतरांचे अर्ज बाद होत जातात तशी तुमची शक्यता वाढत जाते. तुम्ही पेढे सांगून ठेवता. मग तुमचाही अर्ज बाद होतो. इथं दगडाच्या वाटेची मोजणी जशी नेमकी होतेय तसा पट्टा अरुंद होतोय. पृथ्वी अजून पट्ट्यात आहे म्हणून टक्के वाढताहेत. पाच-सहा दिवस थांबा." पाच-सहा दिवसांत शक्यता जवळजवळ शून्यावर आली. आमच्या मजल्यावर काकांचं वजन वाढलं. त्यांना स्वतःला मात्र चुकल्यासारखं झालं असावं, कारण त्या आठवड्यात त्यांनी फारसं कुणाला टोकलं नाही.

मुलांना त्यांनी एकच नियम शिकवलाय. आभाळात फार मोठा उजेड झाला तर खिडकीशी धावायचं नाही, लांब जाऊन खाली बसायचं. रशियात चेल्याबिन्स्कला २०१३ मध्ये वीसेक मीटरचा दगड हवेतच फुटला. लोक उजेड बघायला काचांशी आले, आणि मागाहून पोचलेल्या हवेच्या धक्क्यानं काचा त्यांच्या अंगावर आल्या. दीड हजारांच्या आसपास लोक जखमी झाले. त्यामुळं आमच्या इमारतीत दिवाळीत सुतळी बॉम्ब लागला की आठ-दहा पोरं एकदम जिन्यात उकिडवी बसतात. नव्यानं राहायला आलेली माणसं घाबरतात.

आता मूळ मुद्दा. मला पोचा दिसला तो सोमवारी. आदल्या रविवारी आम्ही भाचीच्या साखरपुड्याला डोंबिवलीला गेलो होतो, लोकलनं, कारण नवी गाडी डोंबिवलीत लावायची माझी छाती नव्हती. त्या रविवारी काय झालं ते मला तळमजल्यावरच्या सहावीतल्या मुलीनं सांगितलं. काकांनी खाली गाड्यांच्या मधल्या जागेत काकूंची परात ठेवली होती. तळाला रवा, त्यावर हळद, त्यावर तांदळाचं पीठ, म्हणजे थर उलटे कसे पडतात ते दिसावं म्हणून. मग स्वतः दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एसटीच्या जुन्या बेअरिंगमधले छर्रे सोडायला लागले. मोठे, चांगले बोराएवढे. पहिल्याच छर्ऱ्याला परातीत झकास गोल विवर, काठ उचललेला, पांढऱ्यावर पिवळ्या किरणांची नक्षी. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग काकू खाली आल्या, परातीकडे बघितलं, "माझ्या रव्याचं लोणार केलंत," म्हणाल्या आणि परात उचलून घेऊन गेल्या.

"किती छर्रे टाकले?" मी विचारलं.

"बारा."

"आणि सापडले?"

ती जरा घुटमळली. "काका म्हणाले, आदळणारी वस्तू सहसा सापडत नाही."

मी गाडीशी गेलो. वायपरच्या खाली जाळी असते, तिथं बोट घातलं. पिंपळाची दोन पानं, एक बसचं तिकीट आणि छर्रा.

संध्याकाळी काका स्वतःच आले. हातात रबरी हातोडी, लाकडी ठोकळा आणि गरम पाण्याची किटली. मी काही बोललो नाही, तेही नाही. बॉनेट उघडून त्यांनी खालून ठोकळा लावला, वरून फडकं, आणि पाऊण तास टक-टक करत बसले. मध्येच म्हणाले, "हल्लीचा पत्रा फार पातळ." मी छर्रा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो शर्टाला पुसला आणि परत माझ्याच हातात दिला. "ठेव. बॅरिंजरला सव्वीस वर्षांत मिळाला नाही."

पैसे घेतले नाहीत. चहा मात्र दोनदा घेतला. भर दुपारी बघाल तर पोचा कळतसुद्धा नाही. संध्याकाळी पाचच्या सुमारास ऊन तिरपं झालं की अष्टमीच्या चंद्रावर दिसतात तसा अजून दिसतो.